दोन शब्द मागे

सत्तावन्नाव्या वर्षी एम.ए. करायला निघालेल्या बाईला लोक दोन प्रश्न विचारतात, आता कशाला आणि पुढे काय. आमच्या घरी तिसराही विचारला गेला. माझे यजमान आत्माराम यांनी विषयाचं नाव ऐकलं, प्रौढ व निरंतर शिक्षण, आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "निरंतर म्हणजे संपणारच नाही का?" मी उत्तर दिलं नाही. एकतीस वर्षं टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात काढल्यावर कुणाला उत्तर द्यायचं नाही हे बरोबर कळतं.

पहिल्या वर्षाचे पेपर मी व्यवस्थित दिले. प्रौढ विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येत नाही, तो आयुष्यभराचं शहाणपण बरोबर घेऊन येतो, या मुद्द्यावर मी सोळा मार्कांचं उत्तर लिहिलं आणि चौदा मिळवले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे याच मुद्द्यावर मी साफ आपटले.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध होता. किमान दहा निरक्षर प्रौढ जमवायचे, सहा महिने वर्ग चालवायचा आणि दर महिन्याला वाचनाची चाचणी घ्यायची. अनोळखी उतारा समोर ठेवायचा, मोबाइलवर एक मिनिट लावायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. माझे मार्गदर्शक कौस्तुभ सर माझ्या मुलाच्या वयाचे. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, दहा म्हणजे दहा. नऊ चालत नाहीत, कमिटी परत पाठवते."

जागेची अडचण आली नाही. आमच्या शांती नगरच्या सोसायटीचं ऑफिस दुपारी रिकामंच असतं. सेक्रेटरी हंसाबेन म्हणाल्या, "दो से चार आपका, मृणालिनीबेन. लेकिन जाते टाइम पंखा बंद." घरकाम करणाऱ्या बायकांची सकाळची कामं दोनला संपतात आणि संध्याकाळची चारनंतर सुरू होतात, म्हणून वेळही नेमकी जमली. अडलं ते माणसांपाशी. निरक्षर माणूस शोधणं हे त्याला शिकवण्यापेक्षा अवघड निघालं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, मला येतं की थोडं थोडं. तीन आठवडे जिने चढून-उतरून आठ नावं झाली. त्यातल्या सरूबाई तर मीच कोथिंबीर घेता घेता पटवलेल्या. साठीच्या, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या आणि शंका आली की वाक्य संपायचीही वाट न बघणाऱ्या.

नववं आणि दहावं नाव आपण होऊन चालत आलं. विठू, वय बावन्न, मूळ गाव पोलादपूरकडचं, बेव्हर्ली पार्कमधल्या एका बिल्डिंगमध्ये रात्रपाळीचा वॉचमन. राहायला पेणकरपाड्यात. दारात चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझं लिवा. न् माझ्या बायकोचं बी लिवा." बायको मागे उभी होती. शेवंती, तीन घरी पोळ्या करणारी, बारीक अंगाची, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेली. दोघांनी फॉर्मवर अंगठे उठवले. माझे दहा झाले. घरी येऊन मी चक्क दोन वेळा चहा प्यायले.

वर्ग बरा चालला. विठू मान मोडून मेहनत करायचा. ड्यूटीवरून आल्यावर चार तास झोपायचा आणि सरळ वर्गात येऊन बसायचा. शेवंती त्याच्या शेजारी. चाचणीच्या दिवशी तिचं एकच म्हणणं असायचं, "आधी ह्यांचं घ्या." मला वाटायचं, लाजतेय. मी त्यांचं आधी घ्यायचे, शब्द मोजून आकडा मोठ्याने सांगायचे, म्हणजे माणसाला हुरूप येतो, असं आमच्या पुस्तकात दिलंय. मग ती वाचायची, बोट ओळीखाली धरून, अडखळत.

चौथ्या महिन्याच्या चाचणीनंतर मी जेवणाच्या टेबलावर तक्ता भरायला बसले. तक्रार विभागाने मला दुसरं काही दिलं नसेल, पण आकड्यांच्या रांगेत काय खटकतंय हे बघायची नजर दिली. विठू: नऊ, चौदा, एकोणीस, तेवीस. शेवंती: सात, बारा, सतरा, एकवीस. उतारा दर वेळी वेगळा आणि तरी ती दर वेळी बरोबर दोन शब्द मागे. एखाद्या वेळी तीन नाही की एक नाही. सरूबाईंचे आकडे कसे, अकरा, आठ, वीस, चौदा, जशी त्या दिवशीची तब्येत. माणूस शिकताना असा खालीवर होतो. घोटून आखलेल्या रेघेसारखा जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेवंतीला अर्धा तास आधी बोलावलं. विठू अजून झोपलेला होता. मी तक्ता तिच्यासमोर ठेवला. तिने कागदाकडे बघितलं. एक पान एकदा वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ बघितलं आणि कागद पालथा घातला.

"बाई," ती म्हणाली, "हे कौस्तुभ सरांना दाखवू नका."

कौस्तुभ सरांचं नाव मी वर्गात एकदाही घेतलं नव्हतं. ते त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मी भडकले. उगाच सभ्यपणा दाखवत नाही, भडकलेच. वर्गात सगळ्यांना आदराने अहो-जाहो करायचा माझा नेम त्या दिवशी मोडला. "कितवी शिकलीस?" मी विचारलं.

"सातवी पास. वर्गात पयली व्हते."

"मग हा काय खेळ लावलास? चार महिने मी तुला अ, आ, इ शिकवतेय!"

ती रडली वगैरे नाही. हात मांडीवर ठेवून तिने सांगितलं ते असं. विठू शाळेत गेला नव्हता. त्याचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण मुलगी शिकलेली निघाली आणि मुलाच्या घरचे म्हणाले, उद्या ही आमच्या पोराला बोटावर नाचवेल. मग शेवंतीच्या बापाने बोलणी करताना सांगून टाकलं, आमची पोर शाळेची पायरी चढली नाही.

"पयल्या वर्षी सांगाया पायजे व्हतं," ती म्हणाली. "सासू व्हती, भ्या वाटलं. दुसऱ्या वर्षी सांगावं तर हे म्हणतील, वरीसभर का न्हाय सांगितलंस. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. तीस वर्सं झाली."

"आणि तीस वर्षं काहीच वाचलं नाहीस?"

"वाचते की. बसच्या पाट्या, पुडीचा कागद. घरी कायबी कागद आला की हे माझ्या हातात देतात न् पाय धुवाया जातात. ह्यांना पाय धुवाया लई वेळ लागतो. तवर माझं वाचून व्हतं."

ती जराशी हसली. मला हसू आलं नाही. मग तिने पत्राची गोष्ट सांगितली. मुलगी दिव्या तेव्हा तान्ही होती. एका दुपारी गावाहून भावाचं पत्र आलं, आई गेल्याचं. तेव्हा विठू दिवसपाळी करायचा. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिलं. वाचून दाखवणारे शेजारचे महिपत भाऊजी संध्याकाळी सातला यायचे. तोवर तिने पाणी भरलं, पोरीला न्हाऊ घातलं, विठूसाठी स्वयंपाक केला. सातला महिपत भाऊजींनी पत्र वाचलं तेव्हा ती रडली.

मी उठून पंख्याचा वेग वाढवला.

"वर्गाचं ह्यांनीच काढलं," ती म्हणाली. "मला वाटलं, बरं झालं. आता शिकले म्हनून वाचता येईल, समद्यांम्होरं. पर ह्यांच्या पुढं गेले तर हे वर्ग सोडतील, बाई. पुरुषमानूस हाय. म्हनून मागं ऱ्हाते."

त्या दिवशी मी घरी गेले आणि मनाशी हिशेब मांडला. शेवंतीला वगळलं तर नऊ उरतात. नऊ म्हणजे कमिटी परत पाठवणार, जूनमध्ये नवा वर्ग, डिसेंबरात प्रबंध. न वगळलं तर कुणाला काय कळणार? तिचे आकडे छान चढत होते. मी गप्प बसायचं ठरवलं. पंधरा दिवस गप्प बसलेही. पण पाचव्या महिन्याची चाचणी मला घेववली नाही, घसा बसल्याचं कारण सांगून पुढे ढकलली. वर्गात तिच्याकडे बघणंच टाळत होते. चोरी तिची आणि तोंड मी लपवत होते, असा तो प्रकार.

सोळाव्या दिवशी दुपारी बाराला दाराची बेल वाजली. विठू होता. वॉचमनच्या युनिफॉर्मातच, झोप न घेता आलेला. आत या म्हटलं तरी दाराजवळच्या स्टुलावर बसला. आत्मारामांनी पाणी दिलं आणि बातम्यांचा आवाज कमी करून ते आतल्या खोलीत गेले.

"बाई, तुमाला कळलंय ना?" विठू म्हणाला.

"काय कळलंय?"

"शेवंतीचं. पंधरा दिस झाले, तुमी तिला वर्गात कायबी विचारत न्हाय."

"तुम्हाला माहीत आहे?"

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"ते सांगतो. लिवूनच घ्या की." मग तो कामाचं बोलल्यासारखा बोलायला लागला. आमच्या वर्गाची एक पद्धत होती. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एखादी गोष्ट तोंडी सांगायची, मी ती त्याच्याच शब्दांत, फक्त शुद्धलेखन सुधारून, लिहून घेऊन मोठ्या अक्षरांत छापायची आणि समारोपाच्या दिवशी ज्याची त्याने वाचायची. आपल्याच बोलण्यातले शब्द माणसाला लवकर वाचता येतात. सगळ्यांच्या गोष्टी झाल्या होत्या. विठूची राहिली होती, तो दर वेळी उद्या सांगतो म्हणायचा.

"माझी गोष्ट आज घ्या. पर ती मी न्हाय वाचनार. ती शेवंतीला वाचाया द्या. मी तिची वाचतो, ती सोपी हाय, चहाची." तो थांबला. "न् लोकास्नी सांगा, तुमी शिकवलं. म्हंजी तिला खोटं पडाया नको. एवढं करा, बाई."

मी वही आणली. तो सांगत गेला, सावकाश, मला लिहायला वेळ देत. दहा-बारा छोटी वाक्यंच होती. सातव्या वाक्याला माझं पेन थांबलं. तो म्हणाला, "लिवलं का?" मी लिहिलं.

जाताना मी विचारलं, "तीस वर्षांत तुम्ही तिला बोलला का नाहीत?"

"काय बोलनार? मला येत न्हवतं, तिला येत व्हतं. बोललो असतो तर तिला माझी लाज झाकाया आनखी कायतरी करावं लागलं असतं." त्याने चपला घातल्या. "मी वर्गात आलो तर ती येनार व्हती. म्हनून आलो. आता वाचाया आवडतंय ते येगळं."

तो गेल्यावर मी सोफ्यावर बसून रडले. सांगायला लाज कसली. आत्माराम बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता कुकर लावायला गेले.

संध्याकाळी मी कौस्तुभ सरांना फोन केला. म्हटलं, एका विद्यार्थ्याला वगळावं लागतंय. तो मुळातच वाचणारा निघाला, चूक माझ्या निवडीत होती. नाव सांगितलं नाही.

सरांनी आधी महिने मोजले. मग म्हणाले, "मॅडम, तुमचे सहा महिने जातायत. आणि खरं सांगू का, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"माहितीय. म्हणून तर पंधरा दिवस सांगितलं नाही," मी म्हटलं.

सर हसले. चांगला मुलगा आहे. जूनमध्ये नवीन दहा घ्या म्हणाले.

शेवंतीला मी एवढंच सांगितलं की समारोपाला विठूची गोष्ट तिने वाचायची, आणि तिच्या स्वतःच्या वेगाने वाचायची.

"ह्यांच्याम्होरं?" तिचा चेहरा उतरला.

"लोक म्हणतील, बाईंनी काय शिकवलं! मी नाही म्हणणार नाही. आणि विठूभाऊ वर्ग सोडणार नाहीत, ते माझ्याकडे लागलं."

"न् तुमची डिग्री?"

"डिसेंबरात. तुम्ही नका काळजी करू."

गोष्ट काय आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून पोटात ठेवल्यात, एक गोष्ट ठेवायला काय जातंय.

समारोप एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी झाला. हंसाबेननी सोसायटीचा हॉल दिला, वर ढोकळा आणला आणि पंख्याची आठवण केली. घरच्या लोकांना बोलावलं होतं. दिव्या विरारहून नवऱ्याला घेऊन आली होती. सरूबाईंनी आपली गोष्ट वाचली, कोथिंबिरीची जुडी कशी बांधावी याची, आणि मध्येच दोनदा कागदावर नसलेली माहितीही दिली. मग विठू उभा राहिला. त्याने शेवंतीची गोष्ट वाचली. चहात आलं कधी टाकायचं, दूध कधी घालायचं. चार ओळी, बोट न धरता. दिव्याने शिट्टी वाजवली तेव्हा त्याने मान खाली घातली.

मग शेवंती उठली. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला होता. शब्द मोजायचे नव्हते.

तिने कागद हातात घेतला आणि सवयीने पहिले तीन शब्द अडखळत वाचले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिने पदर सारखा केला आणि वाचायला लागली. सातवीत पहिली आलेली मुलगी वर्गासमोर वाचते तशी, स्वच्छ, पूर्णविरामाला थांबत.

"'आमची दिव्या तान्ही होती तेव्हा गावाहून पत्र आलं. मी कामावरून घरी आलो. पत्र देवाच्या फळीवर होतं, ते अजून कोणी वाचलं नव्हतं.'"

दिव्या तोंड उघडं टाकून आईकडे बघत होती. हंसाबेन माझ्या कानात म्हणाल्या, "क्या पढ़ाया है आपने!" मी नाही म्हटलं नाही.

"'रोज चार भाकऱ्या असायच्या. दोन तिच्या, दोन माझ्या. त्या दिवशी टोपलीत दोनच होत्या. तिने स्वतःपुरतं काहीच'"

शेवंती थांबली. कागद हातात तसाच राहिला. ती मान वर करून विठूकडे बघायला लागली आणि बघतच राहिली.

"दोनच का व्हत्या पन?" सरूबाईंनी विचारलं.

विठूने खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. "पीठ संपलं असंल," तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "थांबलीस कशाला? वाच म्होरं."

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. पाणी प्यायली, मग वाचलं.

"'तिने स्वतःपुरतं काहीच रांधलं नव्हतं. मी विचारलं नाही. नंतर शेजारच्या महिपतने पत्र वाचलं. त्या दिवसापासून घरी काही कागद आला की मी तो आधी तिच्या हातात देतो आणि पाय धुवायला जातो. पाय लवकर धुऊन होतात. पण मी थांबतो.'"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंती जागची हलली नाही. तिने ती शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ न हलवता. विठू खुर्चीत बसून तिचं वाचून व्हायची वाट बघत होता.